शंभरपर्यंत म्हणता येतं, पण पाच चमचे आणता येत नाहीत

प्रिय ताई,
माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे, ज्युनिअर केजीत. एक ते शंभर ती इंग्रजीत धडाधड म्हणते, मराठीत वीसपर्यंत. पाहुण्यांसमोर आम्ही कौतुकाने म्हणायलाही लावतो. परवा जेवायला बसताना तिला म्हटलं, पाच चमचे आण. तिने मूठभर चमचे आणून ठेवले. मोजायला सांगितलं तर एकेका चमच्यावर बोट ठेवत सातपर्यंत नीट मोजले. 'मग किती झाले?' विचारलं तर पुन्हा एकपासून मोजायला लागली. शाळेतल्या बाईंनी डायरीत शेरा दिलाय, आकडे लिहिण्यात मागे आहे, घरी सराव घ्या. मी रात्री आठला घरी पोचते, मग अर्धा तास तिला लिहायला बसवते आणि रोज रडारड होते. सासूबाई म्हणतात, मराठी अंक आणि पाढे पाठ करून घे, बाकीचं आपोआप येईल. नवऱ्याला वाटतं डॉक्टरांना दाखवावं. तिला गणित जमणारच नाही का? आणि घरी मोजायला शिकवायचं तरी कोणत्या भाषेत?
– एक आई, ऐरोली

प्रिय मैत्रिणी,

आधी तुमच्या यजमानांना उत्तर देते, म्हणजे घरातला ताण थोडा उतरेल. साडेचार वर्षांच्या मुलीने पाचाऐवजी मूठभर चमचे आणले, एवढ्यावरून डॉक्टरकडे जायची गरज नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या एका बालवाडीत मी सव्वीस वर्षं शिकवलं. 'तीन बिया दे' म्हटल्यावर ओंजळभर बिया देणारी मुलं दरवर्षी माझ्या वर्गात असायची. काही दिवाळीपर्यंत मोजून द्यायला लागायची, काहींना पुढचा जून उजाडायचा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. 'किती झाले?' विचारल्यावर ती पुन्हा एकपासून मोजायला लागली. यात तिचा हट्ट नाही, दुर्लक्षही नाही. तिच्या लेखी 'किती?' हा प्रश्नच नाही, ती मोजायला सुरुवात करायची सूचना आहे. तुम्ही विचारलंत, तिने मोजलं. तुम्ही पुन्हा विचारलंत, तिने पुन्हा मोजलं. तिने तुमचं ऐकलंच की!

मोजणं आपल्याला एकच क्रिया वाटते, कारण आपण ती शिकलो कधी हे आठवत नाही. पण तिच्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली त्या सुट्या करून मांडल्या. अंकांचे शब्द दरवेळी त्याच क्रमाने यायला हवेत, ही पहिली. एका वस्तूला एकच शब्द मिळायला हवा, कुठली सुटता कामा नये, कुठली दोनदा यायला नको, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे शेवटी उच्चारलेला शब्द हा शेवटच्या चमच्याचं नाव नसतो, तो सगळ्या चमच्यांचा मिळून असतो. तुमच्या लेकीला पहिली गोष्ट येते, दुसरीही येते. सात चमच्यांवर न चुकता बोट फिरवणं ही साडेचार वर्षांच्या हाताला आणि जिभेला मिळून करायची कसरत आहे, आणि ती तिने केली. राहिली आहे ती तिसरी. 'सात' म्हणजे तिच्यासाठी आत्ता फक्त त्या टोकाच्या चमच्याचं नाव आहे.

ही तिसरी गोष्ट सांगून कळत नाही. मुलं ती एकेक पायरी चढत कमावतात. कॅरन विन या संशोधक बाईंनी १९९० च्या सुमारास लहान मुलांना खेळणी देऊन 'यातली दोन दे', 'यातली तीन दे' असं विचारून पाहिलं. मुलांना आधी फक्त 'एक' कळतो. एक मागा, एक देतील. काहीही दुसरं मागा, मूठभर देतील. कित्येक महिने तसे जातात, मग 'दोन' कळतो, पुन्हा काही महिन्यांनी 'तीन'. आणि मग कधीतरी एकदम उलगडा होतो, की मोजत जायचं आणि मागितलेला आकडा आला की थांबायचं. त्यानंतर चार, पाच, सहा वेगळे शिकवावे लागत नाहीत. एकापासून या उलगड्यापर्यंतचा प्रवास वर्षभराचा, अनेकदा त्याहून जास्त असतो. बरीच मुलं साडेतीन-चारच्या आसपास तिथे पोचतात, कित्येक पाचाच्या उंबरठ्यावर.

म्हणून पहिलं काम, तुमच्या लेकीचा मुक्काम कुठे आहे ते बघा. परीक्षा म्हणून नको. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना सहज. 'मला एक चिमटा दे.' 'आता दोन दे.' 'तीन दे.' जिथे मूठ पुढे येईल, त्याच्या आधीचा आकडा हा तिचा मुक्काम. समजा दोन नेमके देते आणि तीनला गडबडते, तर पुढचे काही आठवडे तुमच्या घरात तीनाचं राज्य असू द्या. पाच चमच्यांचा विषय काढूच नका. तीन बटाटे, तीन पोळ्या, जिन्याच्या तीन पायऱ्या, बाबाच्या शर्टाची उघडी राहिलेली तीन बटणं. आणि दरवेळी बोलण्याची एक पद्धत ठेवा: मोजून झालं की लगेच सगळ्यांवरून हात फिरवून आकडा वस्तूसकट म्हणा. 'एक, दोन, तीन. तीन बटाटे.' तो हात फिरवणं फार महत्त्वाचं आहे. बोट एकेका बटाट्याला शिवतं, तळवा सगळ्यांना मिळून शिवतो, आणि 'तीन' हा शब्द बटाट्याचा नसून ढिगाचा आहे हे त्या तळव्यातून पोचतं. मी वर्गात हे हजारो वेळा केलं असेन.

तिने चूक केली तर 'चुकलं, पुन्हा मोज' म्हणू नका. तीन मागितले, पाच आले, तर ते पाच तिच्यासोबतच परत मोजा आणि म्हणा, 'अरे, हे तर पाच झाले, मला तीनच हवेत, दोन परत ठेवूया का?' तिच्या हाताने परत ठेवू द्या. चूक दुरुस्त करताना ती वजाबाकी करते आहे, हे तिला ठाऊकही नसतं.

ओळीतल्या वस्तू मोजताना बोट सटकत असेल तर वस्तू हलवायला सांगा. एका वाटीतून उचलायचं, दुसऱ्या वाटीत टाकायचं, टाकताना आकडा म्हणायचा. सहा, नऊ, दहा या शब्दांवर लक्ष ठेवा. मुलं तोडून 'स-हा' म्हणतात आणि बोट दोन वस्तूंवरून उडी मारतं. इंग्रजीत 'सेव्हन'ला नेमकं हेच होतं. चिंचोके टाकायचा आवाज आला की ही गल्लत कमी होते. (घरात रांगतं बाळ असेल तर मात्र चिंचोके, मणी, बटणं खेळ संपताच उचलून वर ठेवा.)

इथे मला एका मुलाची आठवण सांगायची आहे. त्याची आई जांभळी नाक्यावर लिंबू, मिरची, कोथिंबीर घेऊन बसायची. बाराच्या पुढे त्याला म्हणता यायचं नाही, तेरा-सोळा-चौदा अशी सरमिसळ व्हायची. वर्गातल्या पन्नासपर्यंत म्हणणाऱ्या मुलांपुढे तो गप्प बसायचा. एकदा संध्याकाळी बाजारात गेले तर हा आईशेजारी बसून लिंबांचे वाटे लावत होता, पाच-पाचांचे. खाली चार, वर एक. एका वाट्यात चारच पडली होती, आणि त्याने न मोजता, नुसत्या नजरेने ओळखून हात पुढे करून पाचवं लिंबू ठेवलं. त्या वर्षी मी वर्गातलं पाठांतर अर्ध्यावर आणलं आणि रोज वाटे लावायला घेतले.

त्या मुलाने जे केलं त्याला नजरेने मोजणं म्हणूया. तीन-चार वस्तूंपर्यंत माणसाला मोजावं लागत नाही, बघताक्षणी कळतं. त्याहून जास्त असतील तर मांडणी मदतीला येते. फाशावरचे पाच ठिपके तुम्ही कधी मोजले आहेत का? म्हणून ल्युडोचा फासा घरात हवाच. हाताची बोटं झटकन दाखवून लपवायची, 'किती होती?' हा खेळ लोकलमध्ये उभ्या उभ्याही होतो. बोटांवर मोजण्यात काही कमीपणा नाही. उलट, तिला बोटं वापरायला मोकळीक द्या, पुढे ती आपसूक सुटतात.

आता भाषेचं. हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं, आणि त्यावर थोडं सविस्तर लिहायला हवं.

ढिगाला आकडा असतो, ही समज भाषेची नसते. ती एकदा आली की मराठीत आली, इंग्रजीत आली, असा भेद राहत नाही. फक्त शब्द दुसरे शिकावे लागतात. पाण्याला ती 'वॉटर'ही म्हणते, तसंच पाचाला 'फाइव्ह'. तेव्हा घरात, आजीसोबत, स्वयंपाकघरात मराठीत मोजा. जी भाषा घरात जिवंत आहे तिच्यातच 'किती', 'जास्त', 'कमी', 'सारखे', 'उरले', 'पुरले' हे शब्द रोज कानावर पडतात, आणि खरं गणित या शब्दांत आहे. एकच पथ्य पाळा: एका मोजणीत दोन भाषा मिसळू नका. 'एक, दोन, थ्री' झालं की क्रमच डगमगतो.

पण मराठीत दहापर्यंत, फार तर वीसपर्यंत पुरे. त्यापुढे घाई नको, कारण आपले अंक शिकायला अवघड आहेत आणि हे मान्य करण्यात मराठीचा काही अपमान होत नाही. इंग्रजीत 'ट्वेंटी' आलं की पुढचे नऊ शब्द जवळजवळ फुकट मिळतात. आपल्याकडे बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, 'दोन'चं रूप सारखं बदलत राहतं. शिवाय आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर: त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना सहा आधी लिहायचा. छत्तीस आणि त्रेसष्ट उलटे लिहिणारी मुलं आळशी नसतात, ती ऐकतात तसं लिहितात. आणि सगळ्यात कठीण 'एकोण'. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. म्हणजे अजून न आलेला तीस आधी ठाऊक हवा आणि त्यातून एक काढता यायला हवा, तेव्हा तो शब्द कळणार! माझ्या वर्गात कितीतरी मुलं अठ्ठावीसनंतर 'नऊवीस' म्हणायची. मला ते ऐकून आनंद व्हायचा, कारण तिथे पाठांतर थांबून डोकं चालू झालेलं असायचं.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' असं संख्यावाचन आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांचा मुद्दा साधा होता, जोडाक्षरांचे अवघड शब्द आणि उलटा क्रम यांमुळे मुलं गणितालाच घाबरतात, आणि कानडी-तेलुगूसारख्या भाषांत दशक आधी बोलतातच. मला स्वतःला त्रेसष्ट, सत्त्याहत्तर, नव्व्याण्णव हे शब्द जायला नको आहेत. पण शिकताना आधाराला 'साठ तीन' मिळालं आणि त्याच्यासोबत 'त्रेसष्ट' कानावर पडत राहिलं, तर मूल लवकर सावरतं, हे मी पाहिलेलं आहे. तुमच्यावर ही वेळ अजून दीड-दोन वर्षांनी येईल.

आकड्यांच्या चिन्हांतही जरा जपा. आपला १ आणि इंग्रजी नऊचा आकडा जुळ्या भावंडांसारखे दिसतात. शाळेत ती इंग्रजी चिन्हं गिरवत असेल तर घरी देवनागरी चिन्हं लिहायला लावू नका, नुसती दाखवा. बसच्या पाटीवर, कॅलेंडरवर. ओळख पुरे.

सासूबाईंबद्दल. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं मोलाचं आहे. अंकांचा क्रम पाठांतरानेच येतो, दुसरी वाट नाही. चुकतंय ते एवढंच, की नुसत्या पाठांतराने 'बाकीचं' आपोआप येत नाही. पाढे तर आत्ता नकोतच. पण त्यांना एक काम सोपवा. त्या जप करताना बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत असतील, तर नातीला ते शिकवू द्या. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा. एका हातावर बारापर्यंत मोजायची ही युक्ती तिला जादूसारखी वाटेल. दुपारी चिंचोक्यांचा खेळ मांडा म्हणावं, एकी की बेकी. मुठीत किती आहेत ते उघडून जोड्या लावून बघायचं. गणपतीत दूर्वांच्या एकवीसच्या जुड्या बांधायच्या असतात, ते काम पुढच्या वर्षी नातीचं. तीन-तीनांचे सात ढीग करून बांधलं तर एकवीस तिला पाठ न करता दिसेल.

रात्रीचा तो रडारडीचा अर्धा तास आजपासून बंद करा. हे मी विनंती म्हणून नाही, आग्रहाने सांगते. दिवसभर शाळा, पाळणाघर किंवा आजी, आणि रात्री आई भेटते ती पेन्सिल घेऊन! साडेचार वर्षांच्या मुलीला आकड्यांची भीती बसायला याहून जास्त काही लागत नाही. त्याऐवजी ताटं मांडायला घ्या. 'आज कोण कोण जेवणार? आजी, बाबा, तू, मी. मग ताटं किती?' एका माणसाला एक ताट, एका ताटाला एक वाटी. पाहुणा आला तर किती वाढवायची, बाबांना उशीर होणार तर किती उरतील. डब्यातले लाडू संपले की 'किती उरले? एकही नाही, शून्य.' पाच मिनिटं होतात, आणि तुमचा स्वयंपाकही उरकतो.

शाळेच्या शेऱ्याने तुम्ही घाबरला आहात, म्हणून हे लिहून ठेवा. लहान मुलांच्या वाचन-गणिताचा पाया पक्का करण्यासाठी केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. त्यात पहिलीच्या आधीच्या बालवाटिकेच्या वर्षासाठी ध्येय आहे दहापर्यंतचे आकडे ओळखणं आणि वाचणं. नव्व्याण्णवपर्यंत वाचणं-लिहिणं हे पहिलीच्या अखेरीचं ध्येय आहे. तुमची मुलगी तर बालवाटिकेच्याही एक वर्ष अलीकडे आहे. तिने वहीभर शंभरपर्यंत लिहावं, ही अपेक्षा सरकारच्या कागदावरसुद्धा नाही. हाताची बोटं आत्ता पीठ मळायला, मणी ओवायला, कात्री चालवायला हवीत. लिहिणं त्यातून येतं. आकडे उलटे लिहिले, तरी सहा-सात वर्षांपर्यंत ते नेहमीचंच आहे.

बाईंशी भांडू मात्र नका. त्यांच्यावरही वह्या भरायचा दबाव असतो, मी त्यातून गेले आहे. पालकसभेत शांतपणे सांगा, 'घरी आम्ही दहापर्यंत वस्तू मोजून देण्याचा सराव घेतोय, लिहिण्याचा आग्रह तिच्यासाठी काही महिने कमी करता येईल का?' ठरावीक काम सांगितलं की बहुतेक बाई ऐकतात.

मला हे बळ कुठून आलं तेही सांगते. प्रशिक्षण घेत असताना आम्हाला कोसबाडला नेलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम १९५७ मध्ये तिथे नेलं. तेव्हा तो सगळा भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता, आता पालघरमध्ये आहे. मॉंटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी शिंपले, बिया, दगड, पानं घेतली. मी तिथे एका अंगणात मुलांना बियांच्या रांगा लावताना पाहिलं, आणि तेव्हापासून विकतचं गणिताचं खेळणं मला फारसं लागलं नाही. मोबाइलमधली अंकांची गाणीही त्यातच आली. ती क्रम पक्का करतात, ढीग समजावत नाहीत.

एक खेळ मात्र जरूर करा. गॅलरीत खडूने एका सरळ रेषेत दहा घरं आखा, एक ते दहा आकडे घाला. फाशाऐवजी दोन चिठ्ठ्या, एकीवर 'एक' लिहा, दुसरीवर 'दोन'. सोंगटी पाचावर असेल आणि दोन आले, तर 'एक, दोन' म्हणत नाही सरकायचं. 'सहा, सात' म्हणत सरकायचं. गीता रमणी आणि रॉबर्ट सिगलर या संशोधकांनी २००८ मध्ये असाच पट चार वर्षांच्या आसपासच्या मुलांशी खेळून पाहिला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, आणि कोणता आकडा मोठा, कोणता कुठे बसतो हे त्या मुलांना स्पष्ट जास्त कळायला लागलं. आकड्यांऐवजी रंगांचा पट खेळलेल्या मुलांत तो फरक दिसला नाही. आपली सापशिडी पुढच्या वर्षी काढा. शंभर घरं आणि दर ओळीला उलटणारी दिशा आत्ता तिला झेपणार नाही.

अजून एक गोष्ट दिसेल, ती पाहून दचकू नका. पाच चिंचोके जवळजवळ ठेवले आणि मग तिच्यादेखत लांब लांब पसरले, तर ती म्हणेल, आता जास्त झाले. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी हे फार पूर्वी दाखवलं आहे. सहा-सात वर्षांची होईपर्यंत मुलं असं म्हणतात. समजावत बसू नका, तिला पुन्हा मोजू द्या.

दाखवायचं कधी, तेही सांगते. असं सहा-आठ महिने खेळूनही साडेपाच वर्षांची झाल्यावर तीन वस्तू नेमक्या देता येत नसतील, किंवा बोलणं, ऐकणं, दिसणं यात काही शंका असेल, तर आधी कान आणि डोळे तपासा आणि मग बालविकास तज्ज्ञांना भेटा. गणिताची अध्ययन अक्षमता या वयात ठरवत नाहीत, दोन-तीन वर्षं नीट शिकवून झाल्यावरच ते तपासतात.

रविवारी वाशीला कोणाकडे जात असाल तर ठाणे-वाशी लोकल घ्या. ऐरोलीहून निघाल्यावर वाशी सहावं स्टेशन. तिची सहा बोटं उघडायला सांगा. रबाळे आलं, एक मिटा. घणसोली, दुसरं. कोपरखैरणे, तुर्भे. 'किती गेली? किती राहिली?' सानपाड्याला ती स्वतःच ओरडेल, एकच राहिलं. आणि दिवाळीनंतर मला दोन ओळी लिहा, तिचा मुक्काम कितीवर आला आणि आजीकडून तिने किती चिंचोके जिंकले.

तुमची,
ताई